घंटीतली चिंधी

यंदा थंडी पडली आणि घंटी दर तिसऱ्या दिवशी माझ्या दारात येऊ लागली, तेव्हा मी खरी थकले. तोवर नुसती म्हातारी झाले होते. म्हातारं होणं वेगळं आणि थकणं वेगळं, हे ज्याचे गुडघे गेले त्याला सांगावं लागत नाही.

घंटी म्हणजे गाईच्या गळ्यातली, पितळेची, मुठीएवढी. ती ज्या घराच्या चौकटीला खिळ्यावर अडकवलेली दिसेल, त्या घरच्या बाईनं दुसऱ्या दिवशी सकाळी भाकर बांधून घ्यायची, घंटी कमरेला लावायची आणि आमच्या टेकडीच्या रानाला फेरा मारायचा. खालच्या नाल्यापासून वर खडकापर्यंत, खडकापासून मोहाच्या झाडाकडे, आणि तिथून उतरून गावात. दिवस कलला की घंटी पुढच्या घराच्या खिळ्याला. बोलायचं काही नाही. उद्या तुझी राखण, एवढंसुद्धा म्हणायचं नाही. खिळ्यावर घंटी दिसली की समजायचं. पूर्वी अशी अडतीस घरं होती. महिना उलटून जाई तेव्हा कुठं आपला नंबर लागे. पोरी वाट पाहत, बरं का. त्या दिवशी सासूला काही म्हणता येत नसे, कारण राखण म्हणजे गावाचं काम.

आता अडतिसातली तीन राहिली. एक मी. एक माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी, तिला डोळ्यांनी धड दिसत नाही, ती पायवाटेनं जाते आणि पायवाटेनं येते. तिसरी अंगणवाडीची मदतनीस. तिला नोकरी. ती सकाळी नाल्यापर्यंत जाते, उभ्या उभ्या घंटी हलवते आणि परत फिरते. मी तिला काही म्हणत नाही. तेवढं तरी करते.

आमचं गाव अनसिंगच्या बाजाराला पायी जाऊन पायी परत येता येईल एवढ्या अंतरावर. गावाच्या उगवतीला टेकडी. कागदावर ती ई-क्लास, म्हणजे सरकारची, म्हणजे कोणाचीच नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा ती बोडकी होती. शेळ्यांनी कुरतडलेल्या बोरी, सागाचे खुंट आणि मुरूम. पाऊस आला की मुरूम वाहून खालच्या वावरात पसरायचा आणि संक्रांतीनंतर गावची विहीर तळाला जायची. सरपणाला आम्ही दोन गावं ओलांडून जात होतो. डोक्यावर मोळी घेऊन येताना ही टेकडी वाटेत आडवी यायची, आणि माझ्या मनात यायचं, तुझ्याकडे काही असतं तर एवढं लांब कशाला जावं लागलं असतं?

तेव्हा वाशीम नवीनच जिल्हा झालं होतं. त्याच्या आधी आम्ही अकोल्याचे. नवीन जिल्हा म्हणून नवीन साहेब, नवीन जीप. साहेबांनी रोपं दिली, आम्ही लावली, उन्हाळ्यात मेली. पुढच्या वर्षी पुन्हा दिली, पुन्हा मेली. गावात एक म्हातारी होती, तिला सगळे मोठी माय म्हणत. तिनं आम्हा बायकांना टेकडीवर नेलं, एका जुन्या खुंटाच्या बुडाशी बसली आणि बोटानं माती उकरली. खाली लालसर कोंब होते, सुईच्या टोकाएवढे.

"हे पाह्य," म्हणाली. "दरसाल फुटते, दरसाल शेळ्या खाते. ह्याले लावाची गरज नाई. शेळ्यांचं तोंड बांधा, हे आपलं आपण वर येते."

असं ते रान झालं. लोक येतात, विचारतात, किती झाडं लावली? मी सांगते, एकही नाही. आम्ही फक्त खाऊ दिली नाहीत.

घंटीही मोठ्या मायचीच. तिची गाय मेली तेव्हा तिनं गळ्यातली घंटी काढून ठेवली होती. राखण सुरू झाली तशी ती आणून आमच्या पुढ्यात ठेवली, म्हणाली, ही वाजवत जायचं. मी तेव्हा तरणी, जीभ लांब. मी म्हटलं, "मोठी माय, वाजवत गेलं त चोर आधीच पळून जाईन ना?"

"मंग? पळू दे ना बाप्पा. धरून काय करशीन त्याले? घरी नेशीन? जेवू घालशीन?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मोठी माय हसली नाही. म्हणाली, "चोर म्हणजे कोण वं? तुझा दीर, माझा भाचा, हिची नणंद. आज धरलं त उद्या पंगतीत त्याच्याच शेजारी बसणं हाये. घंटी आयकली का त्यानं कुऱ्हाड खाली ठेवावी आन् घरी जावं. त्याची लाज राह्यली, आपलं झाड राह्यलं."

हे तिचं बोलणं मला तेव्हा समजलं नाही. समजलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

रान वाढलं. साग, धावडा, पळस, टेंभुर्णी, बिबा. सीताफळं तर इतकी की दसऱ्याच्या सुमाराला पोरं पोट दुखेपर्यंत खात. मोर आले. रानडुकरं आली, रोही म्हणजे नीलगाई आल्या, त्यांनी खालच्या वावरातली तूर खाल्ली आणि शेतकऱ्यांनी आम्हाला शिव्या दिल्या. "तुमचं रान, आमची तूर!" विहिरीला चैत्रात पाणी दिसलं तेव्हा शिव्या जरा कमी झाल्या.

आता माझ्या जावेचं सांगते. चुलत जाऊ. आम्ही एकाच महिन्यात लग्न होऊन आलो, घरं लागून लागून. राखणीच्या रांगेत माझ्या पुढचं घर तिचंच. म्हणजे माझ्या हातून घंटी तिच्या खिळ्याला. पण तो नुसता नियम. माझ्या राखणीला ती यायची, तिच्या राखणीला मी जायची. मोहाच्या झाडाखाली बसून एकमेकींची भाकर खायचो. तिच्या ठेच्यात मीठ कधी नीट पडायचं नाही. मी म्हणायची, "बाई, तुझ्या नवऱ्यानं जीभ कोठी गहाण ठेवली?" ती म्हणायची, "तुझ्यासारखी लांब नाई ना त्याची, म्हणून सांभाळली."

मोठी माय गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी मला राखणीच्या समितीची अध्यक्ष केलं. आणि त्याच पावसाळ्यात सागाचे खुंट दिसू लागले. एक, मग दोन, मग चार. चांगले पोसलेले साग रातोरात गायब. समाजमंदिरात सभा भरली. एक गृहस्थ होते, मोठे बोलणारे. सगळ्यांसमोर म्हणाले, "अध्यक्षीणबाई, तुमची घंटी म्हणजे चोराचं गजराचं घड्याळ हाये. वाजली का तो उठून निवांत घरी जाते." सगळी सभा हसली. बायकासुद्धा हसल्या.

मला ते फार लागलं. आता वाटतं, एवढं काय लागायचं होतं? पण लागलं. घरी आले, जुन्या लुगड्याची चिंधी फाडली. माझी राखण आली त्या दिवशी ती चिंधी घंटीत कोंबली, आतली जीभ हलू नये अशी घट्ट. आणि गुपचूप रानात शिरले. या रानात मी चोरासारखी गेले ती तेवढ्या एका दिवशी.

नाल्याच्या वरच्या अंगाला कुऱ्हाडीचा आवाज आला. झुडपं बाजूला केली तर माझी जाऊ. पदर कमरेला खोचलेला, समोर एक साग पडलेला, मांडीएवढ्या जाडीचा. त्या पावसाळ्यात तिच्या घराचं आढं मोडलं होतं. छप्पर एका बाजूनं बसलं होतं. नवरा मजुरीला पश्चिमेकडे गेलेला, ती दोन पोरींना घेऊन ताडपत्रीखाली राहत होती. हे मला माहीत होतं. मीच तिला दोन दिवस भाकऱ्या दिल्या होत्या.

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. आधी माझ्या कमरेकडे पाहिलं. घंटीतून चिंधीचं टोक बाहेर आलं होतं.

"घंटी नाई वाजली," ती म्हणाली. बस, एवढंच.

मी तिथून मागे फिरू शकत होते. कोणी पाहिलं नव्हतं. पण माझ्या डोक्यात ते गजराचं घड्याळ टिकटिक करत होतं. मी ओरडले. खालच्या वावरातली माणसं धावत आली. ती माणसं पोचेपर्यंत मी चिंधी ओढून काढली आणि चोळीत खोचली.

सभेत सगळे पाच खुंट तिच्या नावावर लागले. मी अध्यक्ष, मी समोर बसलेली. चार खुंट करवतीनं कापलेले होते, ताटासारखे सपाट. कुऱ्हाडीचा खुंट तसा नसतो, तो खापलेला असतो, एका बाजूनं उतरता. मी पाचही खुंट हात लावून पाहिले होते. तिच्या घरात करवत नव्हती, हेही मला माहीत होतं. मी बोलले नाही. तिनंही चिंधीचं काढलं नाही. खाली मान घालून बसली होती. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोल ना बाई, तू बोल म्हणजे मला बोलावं लागेल. ती बोलली नाही.

दंड ठरला. पैशाचा नाही. तिच्या घरची राखण बंद. आज हे ऐकून कोणी हसेल, पण तेव्हा राखण काढून घेणं म्हणजे भरल्या पंगतीतून उठवण्यासारखं होतं. तो साग समाजमंदिरापुढे आणून टाकला, पुरावा म्हणून. तिथंच पडून राहिला, वाळवी लागून माती झाला. तिनं ते वर्ष ताडपत्रीखाली काढलं.

पुढच्या वेळी माझा फेरा झाला आणि संध्याकाळी मी घंटी घेऊन निघाले, तेव्हा तिचं दार सोडून पुढच्या घरी जावं लागलं. घंटी हातात वाजत होती. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. त्यानंतर वीसेक वर्षं मी दर वेळी तिच्या दारावरून घंटी वाजवत गेले. आम्ही एकमेकींशी बोललो नाही. लग्नाकार्यात समोरासमोर आलो तर मी तिच्या पोरीशी बोलायची, ती माझ्या सुनेशी.

आणि आमची अक्कल पाहा. राखण काढून घेणं हाच दंड, असं एकदा ठरलं ते ठरलं. कोणी फेरा चुकवला, राखण बंद. कोणी भांडली, राखण बंद. पहिल्यांदा बायका रडल्या, पाया पडल्या. मग हळूहळू घराघरात सिलिंडर आलं, रानातून सरपण आणायचं काम राहिलं नाही. एक दिवस एक नवीन सून मला म्हणाली, "काकू, मले बी दंड करा ना." मला वाटलं थट्टा करते. ती थट्टा नव्हती. मुद्दाम दोन फेरे चुकवून तिनं दंड लावून घेतला आणि दुसऱ्या दिवशी निवांत टीव्हीपुढे बसली. तिचं पाहून बाकीच्यांनी केलं. काही घरांना कुलूप लागलं, कोणी पुण्याला, कोणी सुरतेला, कोणी दिवाळीनंतर ऊसतोडीला ते थेट उन्हाळ्यात परत. अडतिसाची तीस झाली, तिसाची बारा, बाराची तीन. रान मात्र कमी झालं नाही. रानाला कुठं माहीत की राखणारी किती राहिली?

तर यंदाची गोष्ट. संक्रांत होऊन गेली होती. गवत कमरेला लागत होतं, वाळून पिवळं पडलेलं. शिमग्याच्या आधी रानाभोवती गवत खरडून आगीची पट्टी काढावी लागते, कारण शिमगा झाला की मोह वेचणारे झाडाखालचा पाचोळा जाळतात, आणि एक ठिणगी पुरे होते. पूर्वी अडतीस बायका दोन दिवसांत पट्टी काढायच्या. यंदा कोण काढणार, या विचारात मी मोहापासून उतरत होते. पायाखालचा मुरूम सरकला, गुडघा आत वळला, आणि मी घसरत जाऊन घळीत पडले.

उठता येईना. मोबाईल घरी चार्जिंगला लावलेला. मग मी घंटी काढली आणि वाजवू लागले.

घळीच्या तोंडातून खालचं सगळं गाव दिसत होतं. कुणाच्या तरी खळ्यात तुरीचं मशीन चालू होतं. खालच्या वावरात एक ओळखीचा माणूस होता, मी त्याच्याकडे पाहून जोरजोरात घंटी हलवली. त्यानं वर पाहिलं आणि हात केला. म्हणजे, चालू द्या काकू! आणि पुन्हा खाली वाकला. मला हसू आलं आणि रडूही आलं. पंचवीस वर्षं या घंटीनं गावाला एकच सांगितलं होतं, सगळं ठीक आहे. आता ती दुसरं काही सांगत होती, ते कोणाला समजणार?

दुपार डोक्यावर आली. हात दुखला की दुसऱ्या हातानं वाजवायची. पाणी संपलं. मग खालून काठीचा आवाज आला, टक टक, थांबत थांबत. झुडपातून माझी जाऊ वर आली. केस पांढरे झालेले. इतक्या वर्षांत मी तिला इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

"मेली का जिती हायेस?"

"जिती हाय."

"मंग वाजवणं बंद कर. डोकं दुखून राह्यलं माह्यं."

मी घंटी खाली ठेवली. ती शेजारी बसली, दम घेतला, बाटलीतलं पाणी दिलं. मी म्हटलं, "तुले कसं समजलं वं?"

"घंटी चालून नाई राह्यली. एका जागीच वाजून राह्यली." हे ती अशी म्हणाली की जणू कोणालाही समजलं असतं. "नाल्यापाशी तू थांबतेस, पाणी पितेस. खडकापाशी दम घेतेस. पह्यले नव्हती घेत, दोन वर्सापासून घेऊन राह्यली. मोहापासून उतरतानी तुझी घंटी जोरात वाजते, घरी जाऊन च्या प्याची घाई असते ना तुले. आज मोहाच्या खालीच अडकली. पह्यले वाटलं, बसली असंन. मंग मनलं, बसलेलं माणूस एवढं कायले वाजवीन?"

"रोज आयकतेस?"

"कान बंद करता येत नाई."

तिनं आपल्या पदराची कड फाडून माझा गुडघा बांधला. काठी मला दिली आणि स्वतः माझा खांदा धरला. म्हणजे कोणी कोणाला धरलं होतं ते सांगता येणार नाही. पाच पावलं चालायचं, थांबायचं. वाटेत तिनं घंटी हातात घेतली, उलटी केली आणि आत बोट घालून फिरवलं.

"चिंधी काढली का त्यातली?"

मी पायांकडे पाहत म्हटलं, "त्याच दिवशी काढली वं."

"मले वाटलं ठेवली असशीन."

नाल्याच्या वर तिचा खुंट लागला. तोच, कुऱ्हाडीचा, एका बाजूनं उतरता. त्याच्या बुडातून तीन साग वर आले होते, त्यातला एक मांडीहून जाड. तिनं त्याच्यावर थाप मारली, म्हशीच्या पाठीवर मारावी तशी. "आता हे पुरते आढ्याले. पण आता घरकुल आलं, स्लॅब टाकली. आढं कोणाले पाह्यजे?"

मी हसले. ती हसली नाही, पण तोंडाचा एक कोपरा हलला.

वाशीमला डॉक्टरला दाखवलं. हाड मोडलं नव्हतं. पाय वर ठेवून पडून राहा म्हणाले. मी पडले, आणि घंटी माझ्या खिळ्याला तशीच राहिली. एक दिवस, दोन, चार. माझ्या हातून गेल्याशिवाय ती पुढं जात नाही, आणि न्यायला कोणी येत नाही. सून म्हणाली, आई, राहू द्या आता, झालं तेवढं पुष्कळ झालं. मलाही तसंच वाटत होतं, खरं सांगते. पण खिडकीतून टेकडी दिसायची, पिवळी धम्मक, गवत नुसतं काडीपेटीची वाट पाहत उभं.

पाचव्या दिवशी जाऊ दारात उभी राहिली. आत आली नाही.

"चार दिवसापासून घंटी वाजली नाई."

"घेऊन जाय मंग. तुझंच घर हाय पुढं."

"मले दंड हाय."

"उठवला म्या."

"तू कोण उठवणारी? दंड तू एकटीनं ठेवलता का? चार माणसात ठेवलता, चार माणसात काढ." जाता जाता वळली. "आन् चिंधीचं बी सांग."

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. या वयात लोकांपुढं उभं राहून सांगायचं की मी खोटी वागले? गावात माझी ओळखच ती होती, घंटीवाली काकू. कार्यक्रमात नारळ माझ्या हातात देत. दुसरीकडे वाटायचं, मी गप्प राहिले तर ती घंटी घेणार नाही, आणि शिमगा तर तोंडावर आला. रात्रंदिवस कूस बदलून बदलून गुडघा अजूनच सुजला. शेवटी पोराला म्हटलं, सभा बोलाव.

समाजमंदिरात सात माणसं आली. मोजलीच जातील एवढी. एक पोरगा मोबाईलवर बोटं फिरवत होता. ते गजराच्या घड्याळवाले गृहस्थही आले होते, आता कानानं बहिरे. जाऊ दाराशी बसली. मी काठीवर जोर देऊन उभी राहिले आणि सांगितलं. चिंधी कशी फाडली, घंटीत कशी कोंबली, माणसं धावत येईपर्यंत कशी लपवली. मला वाटत होतं आता कोणी उठेल, बोलेल, थुंकेल.

मग ग्रामपंचायतीचा एक तरुण सदस्य म्हणाला, "काकू, एवढ्यासाठी बोलावलं का? मले वाटलं घरकुलाची यादी आली."

दोघं-तिघं हसले. मी त्या बहिऱ्या गृहस्थांकडे पाहिलं. त्यांनी शेजारच्याला मोठ्यानं विचारलं, "कोणती घंटी?"

वीस वर्षं जे मी छातीवर घेऊन फिरत होते, ते या लोकांनी केव्हाच खाली ठेवलं होतं. त्यांना ते आठवतही नव्हतं. ओझं होतं ते फक्त आम्हा दोघींच्या डोक्यावर. मी बसणार, एवढ्यात दाराशी जाऊ बोलली.

"आन् ते चार खुंट?"

"करवतीचे होते," मी म्हटलं. "हिच्या हातात कुऱ्हाड होती. मले तवाच माहीत होतं."

तिनं मान हलवली. माफ केलं असं म्हणाली नाही, रडली नाही. पदर सारखा केला, चपला घातल्या आणि घरी गेली. सभा संपली. दंड उठला की नाही, हे कोणी म्हटलंच नाही, म्हणून मीच म्हटलं, उठला. सदस्य म्हणाला, "हो, हो, उठला."

संध्याकाळी सुनेच्या आधारानं मी घंटी घेऊन तिच्या दारी गेले. घर नवं, भिंती नव्या, लोखंडी चौकट. मनात म्हटलं, आता हिच्याकडे खिळा कुठला, सुतळीनं बांधावी लागेल. चौकटीशेजारी भिंतीत खिळा होता. त्यावर काही अडकवलेलं नव्हतं, नवीन भिंत, एक खिळा आणि त्याच्याभोवती चुन्यावर कशाचाही डाग नाही. मी घंटी अडकवली आणि बोलायचं नाही म्हणून बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणात पडून ऐकलं. नाला. खडकाच्या अलीकडे बराच वेळ आवाज नाही, तिथं तिचा खुंट आहे. मग खडक, मोह, मग हळूहळू खाली. तिला चहाची घाई नाही.

तर आता चार घरं झाली आहेत. राखण चौथ्या दिवशी येते. तिसऱ्याऐवजी चौथ्या, तेवढा एक दिवस गुडघ्याला जास्त. आगीची पट्टी आम्ही रोज थोडी थोडी खरडतो आहोत, नाल्याकडची बाजू झाली, वरची राहिली. होईल की नाही माहीत नाही. शिमगा तर पंधरा दिवसांवर आला. अंगणवाडीवाली परवा पहिल्यांदा खडकापर्यंत गेली, एवढं खरं.

माझा फेरा सुरू झाला तेव्हा जावेनं दारातूनच बजावलं, "मोहापाशी बसली त वाजवत नोको बसू. एका जागी वाजली का मले वर चढा लागते, आन् माह्ये गुडघे काई सोन्याचे नाईत."

म्हणून आता मोहाखाली बसले की मी घंटीची जीभ दोन बोटांत धरून ठेवते. भाकर एका हातानंच खाते. उठायची वेळ झाली, की बोटं सोडते.